तिकीट एक की दोन?

माझ्या आत्याला राग आला की तिचा आवाज चढत नाही, उलट खाली येतो. इतका खाली की समोरच्याला पुढे वाकून ऐकावं लागतं. चष्म्याच्या दुकानात, मागच्या खोलीत, भिंगं घासायचं काम तिने आयुष्यभर केलं. तिथे यंत्र सारखं घरघरत असतं, त्यावर पाण्याची बारीक धार पडत असते, आणि त्या आवाजावर ओरडण्यात काही अर्थ नसतो. बोलायचं ते जवळ येऊन, सावकाश आणि एकदाच, ही सवय तिला तिथलीच.

भिंगाचा मध्य डोळ्याच्या बाहुलीसमोर नीट आला नाही तर माणसाचं डोकं दुखतं, आणि गंमत म्हणजे का दुखतंय ते त्याला कळत नाही. तो बिचारा उशा बदलतो, डॉक्टर बदलतो. असं कधी आत्याच्या हातून झालंच, तर ती स्वतः मागच्या खोलीतून बाहेर यायची आणि गिऱ्हाइकाला सांगायची, "चूक माझी आहे. चष्मा ठेवून जा, नवा करून देते." दुकानाचा मालक कपाळावर हात मारायचा. "अहो, निदान हळू तरी बोला," म्हणायचा. ती म्हणायची, "हळूच बोलले की."

आतोबा लवकर गेले. एकुलती मुलगी, म्हणजे माझी ताई, शिकली, लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीपायी परदेशी गेली. लांबचा देश, मध्ये एकदा विमान बदलावं लागतं इतका लांब. ताईला दिवस गेल्याचा फोन आला त्या दिवशी आत्याने दुकानात सगळ्यांना पेढे नाही की काही नाही, फक्त एकच वाक्य ऐकवलं, "मी बाळंतपणाला जाणार आहे." मालकाने रजा दिली. न देऊन सांगतो कोणाला!

त्या देशाचा व्हिसा मिळवायला आम्हाला घाम फुटला, पण मिळाला. ठरावीक मुदतीचा आणि एकदाच आत जाता येईल असा. राहता राहिलं तिकीट. आमच्या वस्तीच्या कोपऱ्यावर औषधांच्या दुकानावर एका ट्रॅव्हल एजंटचं ऑफिस आहे. जिन्याच्या तोंडाशी त्याचा भला मोठा फोटो, दात दाखवून हसणारा. आत गेलं की तोच माणूस, तसाच हसत बसलेला. आत्या त्याला पहिल्या दिवसापासून 'हसरा' म्हणायची. तेव्हा त्यात राग नव्हता.

मी सोबत होते. आत्याने विचारलं, "मध्ये विमान बदलायचं तिथे मला काय काय करावं लागेल?"

"काही नाही हो आत्याबाई! एका विमानातून उतरायचं, दुसऱ्यात बसायचं. लहान मुलं जातात."

"माझी बॅग?"

"बॅग येते तुमच्या मागनं."

"आणि त्या मधल्या देशाचा काही कागद वगैरे लागतो का?"

तो खुर्चीत मागे रेलून हसला. "तुम्ही कुठे तिथे फिरायला चाललाय? निश्चिंत राहा. आम्ही कशाला बसलोय इथे?"

प्रश्न बरोबर होते. तिन्ही बरोबर होते. हे मी आज मुद्दाम लिहून ठेवते, कारण पुढे या माणसाने गावभर सांगितलं की बाईंना काही विचारायचं सुचलंच नाही.

विमानतळावर आम्ही वेळेच्या कितीतरी आधी पोचलो. काउंटरवरच्या मुलीने पासपोर्ट घेतला, पडद्यावर काहीतरी पाहिलं, मग पुन्हा पाहिलं. मग तिने शेजारच्या माणसाला बोलावलं. आत्याने माझा हात धरला.

"मावशी," ती मुलगी म्हणाली, आणि तिचा सूर खरंच वाईट वाटल्याचा होता, "तुमची दोन वेगवेगळी तिकिटं आहेत. आमचं तिकीट मधल्या देशापर्यंतच आहे. पुढचं दुसऱ्या कंपनीचं. आम्ही तुमची बॅग पुढे पाठवू शकत नाही. तिथे तुम्हाला बाहेर यावं लागेल, बॅग घ्यावी लागेल आणि पुन्हा आत जाऊन नव्याने जमा करावी लागेल."

"करेन की," आत्या म्हणाली. "हात आहेत मला."

"बाहेर यायला त्या देशाचा व्हिसा लागतो. तो तुमच्याकडे नाही. त्याशिवाय आम्हाला तुम्हाला विमानात घेता येत नाही."

"मग बॅग इथेच ठेवते. हातातल्या पिशवीवर जाते."

ती मुलगी पुन्हा कोणाशी तरी बोलून आली. तसंही चालणार नव्हतं. दुसऱ्या कंपनीचं बोर्डिंग कार्ड बाहेरच्या काउंटरवरच मिळत होतं. मी हसऱ्याला फोन लावला. वाजला, कट झाला. पुन्हा लावला, बंद. आत्या काउंटरपासून बाजूला झाली, मागच्या लोकांना वाट करून दिली, आणि एका बाकावर बसली. मांडीवर पिशवी, पिशवीत बाळासाठी विणलेलं टोपडं. ती रडली नाही. हेही मुद्दाम लिहिते, कारण नंतर तिच्या रडण्याच्याही गोष्टी सांगितल्या गेल्या.

तिचं विमान गेल्यावर आम्ही रिकाम्या हातांनी परतलो. म्हणजे हात भरलेले होते. दोघींच्या हातांत बॅगा होत्या. पण घरात शिरताना ज्या नजरेने शेजारच्यांनी पाहिलं, त्याला दुसरा शब्द नाही.

ताई त्याच आठवड्यात बाळंत झाली. ऐनवेळी ऑपरेशन करावं लागलं. जावई भला माणूस, पण नोकरी नवी, रजा संपली, आणि टाके ओले असताना ताई घरात एकटी, कुशीत तान्ही पोर. शेजारची एक अनोळखी बाई येऊन बाळाला अंघोळ घालून जायची. फोनवर ताई एकदाही म्हणाली नाही की तू का आली नाहीस. तिने म्हटलं असतं तर बरं झालं असतं, असं आत्या मला म्हणाली. ताई फक्त विचारायची, "आई, छातीत गाठ आल्यासारखं दुखतंय, काय करू?" आणि आत्या फोनवरून सांगायची, आणि फोन ठेवला की स्वयंपाकघरात जाऊन भांडी घासायची, घासलेलीच भांडी. लगेच दुसरं तिकीट काढावं तर व्हिसाची मुदत तोवर संपत आली होती. तो नव्याने मिळवायचा म्हणजे पुन्हा पहिल्यापासून सगळं, आणि व्हिसाच्या कचेरीत तारखा पार लांबच्या.

आम्ही हसऱ्याकडे गेलो. तो हसला.

"आत्याबाई, वाईट झालं बघा. पण तिकिटावर सगळं छापलेलं असतं. वाचायला हवं होतं."

"मी तुम्हाला विचारलं होतं," आत्या म्हणाली.

"तोंडी काय हो, माणूस शंभर गोष्टी बोलतो." मग त्याने खुर्ची पुढे ओढली. "हे बघा, मी वाईट माणूस नाही. थोडेफार पैसे परत मिळवून देतो कंपनीकडून. फक्त एवढं लिहून द्या की ही तिकिटं तुम्ही स्वतः पसंत केली होती."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आत्याने चष्मा काढला, पुसला, परत घातला. "पैसे राहू द्यात," ती इतकं हळू म्हणाली की त्याला पुढे वाकावं लागलं. "चूक तुमची होती, एवढं म्हणा. इथे, या खोलीत. मी जाते."

"कसली चूक?" तो म्हणाला.

बस्स. एवढ्यावर थांबला असता तरी कदाचित आत्याने गिळलं असतं. पण थोड्याच दिवसांत भाजीवालीने तिला थांबवलं. "काकू, विमानतळावर म्हणे तुम्ही घाबरलात? भलत्याच रांगेत उभ्या राहिलात आणि रडायला लागलात? तो वरचा एजंट सांगत होता. म्हणाला, वय झालं की एकटीने पाठवू नये."

आत्या घरी आली, पिशवी ठेवली, आणि मला म्हणाली, "माझी लेक तिकडे एकटी आणि हा मला वेंधळी ठरवतोय." मग म्हणाली, "त्याच्या ऑफिसात गिऱ्हाइकांसाठी चार खुर्च्या आहेत. मी गिऱ्हाईक आहे."

दुसऱ्या दिवसापासून दुकानातलं काम आटोपलं की ती जिना चढून जायची आणि खिडकीजवळच्या खुर्चीवर बसायची. सोबत विणकाम. कोणाशी भांडण नाही, आरडाओरडा नाही. फक्त कोणी तिकिटासाठी आलं, की हसऱ्याचं बोलून झाल्यावर ती विचारायची, "तिकीट एक की दोन?"

पहिल्यांदा तिने हा प्रश्न विचारला तो एका बापाला. लेकीला परदेशी शिकायला पाठवत होता. लेक शेजारी बसलेली, कानात वायर. बाप गोंधळला. "दोन कशाला? एकटीच चाललीय."

"तसं नाही. सगळा प्रवास एकाच तिकिटावर आहे की तुकडे जोडलेत? तुकडे असतील तर मध्ये बॅग काढून घ्यावी लागते, त्या देशात बाहेर यावं लागतं, आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसरं तुमच्यासाठी थांबत नाही. तिकीट एकच असेल तर पुढच्या विमानात बसवायची जबाबदारी त्यांची."

मुलीने कानातली वायर काढली. बापाने हसऱ्याकडे पाहिलं. हसरा हसत म्हणाला, "यांच्याकडे लक्ष देऊ नका, त्या सहज येऊन बसतात." पण त्याने पडदा वळवून दाखवला नाही, आणि बापाला ते कळलं. "पडदा इकडे करा," तो म्हणाला. तिकिटं दोन होती.

मग हे रोजचंच झालं. कधी मी संध्याकाळी तिला घ्यायला जायचे तेव्हा जिन्यातच तिचा धीमा आवाज ऐकू यायचा. एक नवं जोडपं हनिमूनला चाललेलं, तर आत्या नवरीला विचारतेय, "पासपोर्टवर माहेरचं नाव आहे ना? मग तिकिटावरही तेच हवं. लाडाने सासरचं घालू नका, तिथे लाड चालत नाहीत." नवरदेवाचा पासपोर्ट हातात घेऊन तिने मागची तारीख पाहिली. "हा तर लवकरच संपतोय. पुष्कळ देश म्हणतात, पोचल्यानंतर आणखी सहा महिने तरी चालायला हवा. आधी नवा करून घ्या." एका बाईच्या मधुमेहाच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकायचं ठरलं होतं. आत्या म्हणाली, "बॅग हरवली तर गोळ्या कुठून आणाल? हातातल्या पिशवीत ठेवा, डब्यात ओतू नका, पाकिटासकट ठेवा. आणि डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या, त्यावर औषधाचं खरं नाव, कंपनीचं नव्हे."

हे सगळं तिला आधीपासून येत होतं असं नाही. ताई तिकडून शोधून सांगायची, मी इकडून, आणि विमान कंपन्यांच्या चौकशीच्या नंबरांवर ती स्वतः तास घालवायची, एकच प्रश्न दोन वेगळ्या माणसांना विचारून उत्तर जुळतं का ते बघायची. भाजून घेतलं होतं ना, म्हणून शिकली.

हसऱ्याने आधी खुर्ची उचलून आत नेली. आत्या उभी राहिली. मग त्याने चष्म्याच्या दुकानाच्या मालकाला गाठलं, "तुमच्या बाईला आवरा." मालक भिडस्त माणूस. त्याने आत्याला बोलावलं, घसा साफ केला, आणि म्हणाला, "तो असं असं म्हणत होता." आत्या म्हणाली, "बरं." मालक म्हणाला, "मी त्याला सांगितलं की दुपारनंतर त्या माझ्याकडे नसतात." एवढं बोलून तो घाईघाईने फ्रेमा पुसायला लागला. आयुष्यात त्याने कोणासाठी एवढं केलं नसेल.

मग हवालदार आला. हसऱ्यानेच बोलावलेला. हवालदाराने आत्याला विचारलं, "काकू, काय प्रकार आहे? धंद्यात अडथळा आणता म्हणे."

"मी प्रश्न विचारते."

"काय प्रश्न?"

तिने सांगितले. हवालदार ऐकत राहिला. त्याचा मेहुणा आखातात कामाला जाणार होता. त्याला तिथल्या मालकाने नेमकं कोणतं काम आणि कोणता व्हिसा दिलाय हे घरात कोणालाच ठाऊक नव्हतं. "फिरायच्या व्हिसावर कामाला पाठवत असतील तर पाठवू नका," आत्या म्हणाली. "पासपोर्टची एक प्रत घरी ठेवा, एक त्याच्या फोनमध्ये. आणि आपल्या वकिलातीचा नंबर त्याला पाठ असू दे, फोन काढून घेतला तर काय?" हवालदार जिना उतरताना हसऱ्याला म्हणाला, "प्रश्न विचारणं गुन्ह्यात बसत नाही." हसऱ्याचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा जरा आंबट झाला.

मला वाटलं, आता आत्या जिंकली. आणि नेमकं तेव्हाच तिच्याकडून चूक झाली.

एक म्हातारं जोडपं आलं होतं, मुलाकडे जायला निघालेलं. आजी जाड, आजोबा काटकुळे. तिकीट एकच होतं, मध्ये एक थांबा. आत्याने त्या विमानतळाचं नाव ऐकलं आणि तिचं रक्त तापलं, कारण तोच तो मधला देश होता जिथे तिचं अडलं होतं. "तिथला व्हिसा घ्या," ती ठासून म्हणाली. "घेतल्याशिवाय निघू नका. माझं ऐका." हसऱ्याने तेवढ्यात म्हटलंही, "त्यांना लागत नाही." पण त्याच्यावर आता कोण विश्वास ठेवणार? दोघं म्हातारी रात्रभर बसमध्ये बसून दुसऱ्या शहरातल्या वकिलातीत गेली, उन्हात रांगेत उभी राहिली, आणि खिडकीतल्या माणसाने सांगितलं की तिकीट एक आहे, बॅग थेट जातेय, तुम्ही विमानतळाबाहेर पडतच नाही, तुम्हाला याची गरज नाही. कोणी सांगितलं तुम्हाला?

हे कळलं तेव्हा आत्या माझ्याकडे होती. ती उठली. मी म्हटलं, "अगं, उद्या जाऊ." तिने चपला घातल्या.

दार आजींनी उघडलं. पायाला पट्टा बांधलेला. आत्याला पाहताच त्यांचा पट्टा सुटला तो तोंडाचा. "काय हो बाई! आमचे गुडघे काय भाड्याने आणलेत का? या वयात बसमध्ये बसवलंत! मी यांना सांगत होते, एकदा कंपनीला फोन करा, तर हे म्हणे बाई अनुभवी आहेत. कसला अनुभव? तुम्हाला ठेच लागली म्हणून सगळ्यांनी लंगडायचं?"

मी पुढे होऊन काही बोलणार होते. आत्याने मला मागे सारलं.

"चूक माझी आहे," ती म्हणाली. "मी न तपासता बोलले. माझ्या रागात बोलले. तुम्हाला त्रास झाला."

आजोबा आतून आले, म्हणाले, "आत या हो, दारात कसल्या उभ्या राहता." चहा झाला. आजींचा राग काही चहाबरोबर उतरला नाही. त्या कपाच्या काठावरून आत्याकडे बघत राहिल्या. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमच्याबाबतीत नेमकं काय झालं होतं?" आत्याने सांगितलं. टोपड्यासकट सांगितलं. आजींनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "आणि तो तुम्हाला एवढंसुद्धा म्हणाला नाही? तुम्ही आत्ता मला जे म्हणालात तेवढं?"

"नाही."

"निर्लज्ज मेला," आजी म्हणाल्या.

पुढच्या आठवड्यात हसऱ्याच्या ऑफिसात दोघी उभ्या होत्या. एक आत्या, एक आजी. आजी मात्र उभ्या राहणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांनी आतून खुर्ची आणवली, "माझे गुडघे," एवढंच म्हणून. आता आत्या प्रश्न विचारायची आणि शेवटी दरवेळी सांगायची, "हे माझं ऐकून करू नका. विमान कंपनीला विचारा, त्या देशाच्या वकिलातीला विचारा, आणि दोन्हीकडून एकच उत्तर येईपर्यंत पैसे भरू नका." आणि आजी जोडून द्यायच्या, "याला विचारू नका."

एक दिवस ऑफिस भरलं होतं. शाळांच्या सुट्ट्या जवळ आलेल्या, दोन कुटुंबं, एक सेल्समन, शिवाय मी. एक जाडजूड गृहस्थ हसऱ्याला विचारत होते, "आमचा मधला थांबा किती वेळाचा? धावत पळत जावं लागेल का? आईला चालवत नाही, तिला चाकाची खुर्ची आधी सांगून ठेवायची असते म्हणे?" हे सगळं त्यांनी आत्याकडून ऐकलेलं. हसरा उत्तरं देत होता, हसत होता, कपाळ पुसत होता. मग आत्याने सवयीने विचारलं, "तिकीट एक की दोन?"

आणि तो उठून उभा राहिला. हसू गळून पडलं. इतक्या महिन्यांत तो चेहरा हसण्याशिवाय कसा दिसतो ते मी पहिल्यांदा पाहिलं. साधा, थकलेला, घाबरट चेहरा होता तो.

"हो! काढली होती दोन!" तो ओरडला. "स्वस्त पडत होती म्हणून काढली! मधला व्हिसा लागतो हे माझ्या लक्षात आलं नाही! झाली चूक! त्यात काय एवढं? कोणी मेलं का? बाळ झालं ना व्यवस्थित?"

खालून औषधांच्या दुकानातल्या रेडिओचा आवाज येत होता.

आत्या त्याच्या टेबलाजवळ गेली. "भाजीवालीला तुम्ही सांगितलं होतं की मी घाबरून रडले."

त्याने टेबलावरचे कागद उगाच सारखे केले.

"मी रडले नव्हते. माझी मुलगी रडली. टाके दुखत असताना, उठून बाळाला घ्यायला जमत नव्हतं तेव्हा. मी तिथे असते तर मी उचलून दिलं असतं. एवढंच काम होतं माझं. 'त्यात काय एवढं' ते हे आहे."

त्याने तोंड उघडलं. आम्हाला वाटलं, आता म्हणेल. खोलीतला प्रत्येक जण त्याच्या तोंडाकडे बघत होता. त्या जाडजूड गृहस्थांनी तर मान हलवून त्याला जणू ढकललंसुद्धा. पण तो खाली बसला आणि कॉम्प्युटरकडे बघायला लागला. माफी हा शब्द त्याच्या घशाला कधी लागलाच नसावा.

आत्याने विणकाम गुंडाळलं. आजींना हात दिला. त्यानंतर ती त्या जिन्यावर कधी चढली नाही. तिला हवं होतं त्यातलं अर्धं मिळालं होतं, आणि उरलेलं अर्धं त्या माणसाकडे नव्हतंच.

त्याचं ऑफिस बंद पडलं वगैरे काही नाही. आजही चालतं. फोटोही तसाच आहे. मला त्याचा आजही संताप येतो.

नवा व्हिसा आला तेव्हा बाळ रांगत होतं. या वेळी तिकीट आम्ही तिघींनी मिळून काढलं, मी, आत्या आणि फोनवर ताई. एकच तिकीट, मध्ये ऐसपैस वेळ. थोडं महाग पडलं, पण आत्याने हूं की चूं केलं नाही. प्रवासाचा विमा काढला. त्यातल्या बारीक अक्षरांतला प्रत्येक शब्द तिने वाचला आणि कंपनीला फोन करून रक्तदाबाचा आजार आधीपासून आहे हे नोंदवून घेतलं, नाहीतर ऐनवेळी ते हात वर करतात. बँकेला कळवलं की कार्ड परदेशात वापरणार आहे. ताईचा पत्ता तिकडच्या भाषेत मोठ्या अक्षरांत लिहून पाकिटात ठेवला, फोन मेला तरी टॅक्सीवाल्याला दाखवता यावा म्हणून. बॅग घरच्या काट्यावर चढवली, तेव्हा ती जड भरली. लोणच्याच्या बरण्या मीच घुसवल्या होत्या, त्या मुकाट्याने काढल्या. खायचं काय आत नेता येतं ते तिने ताईला आधी विचारायला लावलं होतं.

आणि शेजारीण आली पुडकं घेऊन. "एवढंसं आहे हो, आमच्या भाच्याला द्या. तिकडेच असतो. हलकं आहे." चारी बाजूंनी चिकटपट्टी मारलेलं.

"आत काय आहे?"

"अहो, घरचंच."

आत्याने कात्री आणली. शेजारणीचा चेहरा पाहण्यासारखा झाला. आतून निघाला एक स्वेटर, एक मसाल्याची पुडी, आणि नाव नसलेली, कागदात बांधलेली कसलीशी पावडर. "सर्दीवर आहे," शेजारीण म्हणाली.

"असेल," आत्या म्हणाली. "पण तिकडे विचारतील तेव्हा तुम्ही नसाल, मी असेन. स्वेटर नेते. बाकी नाही." आत्या निघाली तरी शेजारीण बोलली नाही. आत्याला त्याचं काडीचं दुःख नव्हतं.

मी पुन्हा विमानतळापर्यंत गेले. काउंटरवर बॅग पट्ट्यावर गेली तेव्हा आत्याने त्या माणसाला विचारलं, "कुठपर्यंत जाणार ही?" त्याने पावती फिरवून दाखवली; त्यावर ताईच्या शहराची खूण होती. "आणि मी?" "तुम्हीपण तिथपर्यंतच, आजी." ती तपासणीच्या रांगेत शिरली, एकदाही मागे वळून पाहिलं नाही. मी मात्र दिसेनाशी होईपर्यंत उभी होते.

पोचल्याचा फोन आला तो ताईचा. मागे बाळाचं रडणं. "आईला बघून भोकांड पसरलंय," ताई हसत म्हणाली. पण आत्या हसत नव्हती. नात तिला ओळखत नव्हती. तिने हात पुढे केले की पोर ताईच्या गळ्यात तोंड खुपसायची. शेजारच्या त्या अनोळखी बाईकडे मात्र झेप घ्यायची, तिने अंघोळी घातलेल्या ना. आत्याने त्या बाईला टोपडं दाखवलं. ते केव्हाच लहान झालं होतं. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. ती बाई टोपडं हातात घेऊन बराच वेळ बसली, मग तिने बाळाला उचललं आणि आत्याच्या मांडीवर ठेवून दिलं, आणि पोर घाबरून किंचाळायला लागली तरी तिने लगेच उचललं नाही.

पोर रुळायला बरेच दिवस लागले. ताई कामावर रुजू झाली, जावयाने बाळाची खुर्ची स्वयंपाकघरात आणून ठेवली, आत्या तिथे कामं करत गुणगुणायची आणि पोरीकडे बघायचीच नाही. असंच एकदा पोरीने खुर्चीतून खाली उतरायला हात वर केले, ते आत्याकडे.

हे मला तिने स्वतः फोनवर सांगितलं. मी म्हटलं, "मग? गेला का राग?"

"का जावा?" आत्या म्हणाली. "ती पहिल्यांदा रांगली ते मी पाहिलेलं नाही. ते आता कोण दाखवणार मला?" आणि मग, "थांब, उठली बहुतेक. ठेवते."